उन्हाळ्यात बेळगावहून समुद्रावर गळाच्या मासेमारीसाठी: दिवस, जागा आणि भरतीची वेळ कशी निवडावी?

शहापूरवासी (बेळगाव)

नमस्कार. गेली अकरा-बारा वर्षे मी हिडकल जलाशयाच्या काठावर आणि घटप्रभेच्या डोहांत गळाने मासेमारी करीत आलो आहे. रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा किती घट्ट मळावा आणि मरळ कोणत्या झुडपाच्या सावलीत दबा धरून बसते, एवढे मला अनुभवाने कळू लागले आहे. समुद्राच्या बाबतीत मात्र हे ज्ञान अजिबात कामाला येत नाही, असे गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दिसून आले.

माझा चौदा वर्षांचा भाचा बरोबर होता. घरून नाश्ता करून आम्ही आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला साडेदहाच्या सुमारास पोहोचलो आणि धक्क्याजवळच्या खडकांवर दुपारी चारपर्यंत बसलो. पाणी जवळजवळ हलतच नव्हते. एक वाजल्यानंतर समुद्राकडून वारा सुटला आणि तो इतका वाढला की दोर सरळ पडेना. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) धारेवर घासून दोर तीनदा तुटला, आणि दिवसभरात हाती आले ते दोन लहान शिंगाळे. घरी आल्यावर दिनदर्शिका पाहिली, तर तिथी सप्तमी होती. या माहितीचा उपयोग मला तेव्हा करता आला नाही, पण ती लक्षात राहिली आहे.

या वर्षी पाडव्यानंतर पुन्हा जाण्याचा विचार आहे. माझ्याकडे शनिवार-रविवार मिळून दीड दिवस असतो. अशा वेळी वेंगुर्ले, रेडी-तेरेखोल आणि कारवार यांपैकी कोठे जावे, कोणत्या तिथीला जावे, आणि एप्रिल व मे यांत फरक पडतो का, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे. गोड्या पाण्यातील माझी काठी आणि रील समुद्रावर चालेल का, हेही समजून घ्यायचे आहे. भाचा बरोबर असणार आहे, त्यामुळे सुरक्षिततेविषयी कोणी बारीकसारीक सूचना केली तरी ती मला हवीच आहे.

—

मलप्रभाकाठ (खानापूर)

आपली जागा चुकली नव्हती, वेळ चुकली होती, आणि सप्तमी या एका शब्दावरून ते सांगता येते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. जे उत्तर येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती असते. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. सप्तमीला सात त्रिक एकवीस, भागिले चार, म्हणजे सव्वापाच. हा हिशेब मुंबईच्या बाजूला अधिक जुळतो. वेंगुर्ले, गोवा, कारवार येथे भरती त्याहून थोडी आधी येते. म्हणजे आपण वेंगुर्ल्याला पोहोचलात तेव्हा पहाटेच्या भरतीनंतरची ओहोटी संपत आली होती. त्यातही सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते, पाण्याच्या चढउतारातील अंतर कमी असते आणि प्रवाह मंद असतो. शिकारी मासा प्रवाहाच्या बळावर खातो. लहान मासळी आणि कोळंबी पाण्याबरोबर वाहत येत असेल तर तो खडकाच्या आडोशाला उभा राहून तिची वाट पाहतो; पाणी थांबले की त्याचेही खाणे थांबते.

उन्हाळ्यात याला दुसरी एक अट जोडली जाते, ती उजेडाची आणि वाऱ्याची. एप्रिल-मे मध्ये आपल्या किनाऱ्यावर समुद्राचे वरचे पाणी तीस अंशांच्या आसपास तापलेले असते आणि दुपारी उथळ पाण्यात मोठा मासा थांबत नाही. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो, पाणी शांत असते. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो. म्हणून पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या मागचा-पुढचा तास, एवढाच काळ खरा उपयोगाचा. आता या काळात पाणी वाहते असेल असा दिवस शोधायचा आहे. द्वादशी ते चतुर्दशी या तिथींना वरच्या हिशेबाने भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर त्याच्याही आधी, आणि उजाडताना पाणी जोरात चढत असते. खडकांवरून गळ टाकणाऱ्याला हे दिवस उत्तम. तृतीया-चतुर्थीला उलट घडते. उजाडताना ओहोटी चालू असते आणि नदीच्या मुखातून कोळंबी व लहान मासळी बाहेर ओढली जात असते, म्हणून त्या दिवशी खडक सोडून नदीचे मुख गाठावे. हा हिशेब दिवस ठरवण्यापुरता आहे. घरातून निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचे भरतीचे छापील वेळापत्रक पाहावे. सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी ही वेळापत्रके प्रसिद्ध करते. दिवसातल्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, तेही त्यातून कळते.

एक गोष्ट आपल्या तालुक्याच्या संदर्भात सांगावीशी वाटते. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. पावसाळ्यात हे गोडे पाणी खाडीतले खारे पाणी बाहेर लोटते. उन्हाळ्यात नदीचा ओघ इतका कमी होतो की समुद्राचे पाणी भरतीबरोबर कित्येक किलोमीटर आत चढते, आणि त्याच्यामागून समुद्रातला मासाही आत येतो. म्हणून उन्हाळ्यात उघड्या वाळूपेक्षा खाडीचे मुख आणि त्याच्या आतील पहिले दोन-तीन किलोमीटर यांना मी पसंती देतो. मे महिन्यात किनारा खवळलेला असला तरी खाडीत आडोसा मिळतो, हा आणखी एक फायदा. गोव्यात जाणार असाल तर कुंभारजुवे कालव्याच्या काठी मात्र बसू नये. तेथे मगरींची वस्ती आहे.

—

सदाशिवगड (कारवार)

माझे आजोळ खानापूरचे आणि राहणे कारवारचे, त्यामुळे येथील पाण्याविषयी थोडे अधिकाराने लिहितो.

काळी नदीची गोष्ट बाकीच्या खाड्यांपेक्षा वेगळी आहे. वर सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी धरणे आहेत आणि वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी उन्हाळ्यातही खाली येत राहते. त्यामुळे ओहोटीच्या वेळी मुखाशी हिरवट नदीचे पाणी आणि निळसर समुद्राचे पाणी यांच्यामध्ये एक स्पष्ट रेघ दिसते, तिच्यावर फेस आणि पालापाचोळा तरंगत असतो. आमिष त्या रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला, रेघेला समांतर पडेल असे टाकावे. नवख्या माणसाला मी एवढी एकच गोष्ट शिकवतो, कारण मासा त्या रेघेवरच फिरत असतो.

आता कोणता मासा मिळेल हे पाहू. वाळूवर, अगदी गुडघाभर पाण्यापलीकडे, मुडदुशी मिळते. लहान गळ, कोळंबीचा बारीक तुकडा आणि हलके शिसे एवढ्यावर भाचा तासाभरात चार-पाच काढू शकेल, आणि मुलाला पहिल्या दिवशी मासा लागणे फार महत्त्वाचे असते. खडकांच्या कडेला तांबोशी, जिला आमच्याकडे तांबसो म्हणतात, आणि गोबरा हे दोन्ही आमिष घेताच खडकाच्या कपारीकडे धाव घेतात. पहिल्या तीन-चार सेकंदांत त्यांना वळवता आले नाही तर दोर कापलाच म्हणून समजावे. कोकर थव्याने येतो आणि उजाडताना शेवटे या माशांच्या पिल्लांना पृष्ठभागावर हाकतो. पाणी उकळल्यासारखे दिसले की त्यात चकचकीत लुअर (माशासारखे दिसणारे कृत्रिम आमिष) वेगाने ओढावे. आणि चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तो मुखाजवळ आणि कांदळवनाच्या कडेला मिळतो. सुरमईसाठी होडीने बाहेर जावे लागते, त्याविषयी येथे लिहीत नाही.

चोणकाबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. हा मासा लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे हाती लागणारा सात-आठ किलोचा चोणक बहुधा मादी असतो, आणि पावसाच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी ती खाडीच्या मुखाशी येत असते. मे महिन्यात आपण तिला घरी नेली, तर त्या खाडीची पुढची पिढीच घेऊन गेल्यासारखे होते. मागील उन्हाळ्यात मला साधारण साडेतीन किलोचा एक लागला, तो घरी खाल्ला. त्याच आठवड्यात त्याच्या दुपटीहून मोठा लागला, तो पाण्यातच धरून ठेवला, गळ काढला आणि त्याने स्वतः शेपूट मारेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून आधार दिला. गोबऱ्याचे उलट असते, तो आधी मादी असतो आणि नंतर नर होतो, म्हणून फार मोठा गोबराही सोडणे योग्य.

सुरक्षिततेबाबत आपण विचारले आहे. वाळूवर पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नये, तळ घासत सरकवावे. पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) वाळूत दडून बसलेले असते आणि पायाखाली आले तरच काटा मारते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, त्याने वेदना लक्षणीय कमी होते, आणि नंतर डॉक्टरांना दाखवावे. शिंगाळ्याचे काटेही विषारी असतात, त्याला उघड्या हाताने धरू देऊ नका. काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा पुलाच्या आसपास गळ टाकण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावे. आरगे आणि बिणगे या बाजूला आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ आहे आणि अंजदीव बेटही नौदलाच्या ताब्यात आहे. त्या दिशेला काठी घेऊन फिरू नये. माजाळीपासून देवबागपर्यंतचा किनारा दोघांना भरपूर पुरेल.

—

निपाणीकर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु उधाणाच्या दिवसांविषयी माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो नोंदवणे आवश्यक वाटते. ऐन पौर्णिमा-अमावास्येला मुखाशी प्रवाह इतका असतो की साठ ग्रॅमचे शिसेही तळाला ठरत नाही, आणि पाणी गढूळ होते. लुअर वापरणाऱ्याला ते चालते. तळाशी जिवंत कोळंबी लावून तांबोशीची वाट पाहणाऱ्याने मात्र पंचमी-षष्ठी किंवा दशमी-एकादशी निवडावी, म्हणजे पाणी वाहतेही राहते आणि दोरही ठरतो. माझ्या सगळ्या चांगल्या तांबोश्या अशाच दिवसांत, तेही अंधार पडल्यानंतर, तेरेखोल खाडीच्या आरोंद्याकडील बाजूला लागल्या आहेत. म्हणून मलप्रभाकाठ यांची द्वादशी ते चतुर्दशी मान्य, परंतु पौर्णिमेचा दिवस टाळावा असे मी म्हणेन.

साधनांविषयी लिहितो. गोड्या पाण्यातील सात फुटी काठी खाडीच्या काठावर चालते, खडकांवर आणि वाळूवर नऊ-दहा फुटी हवी, कारण लाटेपलीकडे टाकण्यासाठी लांबी लागते. रील ४००० किंवा ५००० क्रमांकाचे असावे आणि त्याची बेअरिंगे खाऱ्या पाण्यासाठी केलेली असावीत. हिडकलवर दहा वर्षे टिकलेले साधे रील समुद्रावर दोन सहलींत खरखरू लागते. वीस ते तीस पौंडांचा वेणीचा दोर आणि त्यापुढे दीड मीटर, चाळीस पौंडांचा फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळचा घासणे सोसणारा जाड दोर, लावावा. आपला दोर कालवांवर तीनदा तुटला तो लीडर नसल्यामुळे किंवा फार आखूड असल्यामुळे. चोणकाच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, तेथेही हा लीडरच वाचवतो.

गळ मात्र सर्कल हुक वापरावा. त्याचे टोक आत वळलेले असते, त्यामुळे तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि मासा सोडायचा झाल्यास जिवंत सुटतो. येथे गोड्या पाण्यातल्या माणसाची सवय आड येते. रोहूला आपण झटका देतो. सर्कल हुकवर झटका दिला की गळ तोंडातून सरळ बाहेर येतो. काठी वाकू द्यावी आणि शांतपणे रील फिरवत राहावे. ही सवय मोडायला मला एक पूर्ण उन्हाळा लागला.

आमिषासाठी जिवंत कोळंबी सर्वांत चांगली, ती नसेल तर ताजे माकूल (स्क्विड), कारण ते गळावर टिकते. घरी परतल्यावर ड्रॅग (मासा ओढताना दोर किती ताणाने सुटावा हे ठरवणारी रीलची चकती) आवळून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराची धार मारली तर मीठ आत ढकलले जाते.

—

शहापूरवासी (बेळगाव)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, याबद्दल मनापासून आभारी आहे. एक शंका राहते. एप्रिल आणि मे यांत निवड करायची झाल्यास मेच्या अखेरीपर्यंत थांबावे का? चोणक तेव्हा मुखाशी येतो असे सदाशिवगड यांनी लिहिले आहे.

—

घाटमाथा (चंदगड)

माझे मत असे की भाचा बरोबर असेल तर दहा मेनंतर उघड्या किनाऱ्यावर जाऊ नये. एप्रिलअखेरपासून दक्षिणेकडील दूरच्या महासागरात उठलेल्या लांब लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊ लागतात. आकाश निरभ्र असते, वारा नसतो, खडक दहा-पंधरा मिनिटे कोरडा असतो आणि अचानक दोन-तीन मोठ्या लाटा एकामागून एक त्याच्यावरून जातात. शांत दिवस पाहून माणूस निर्धास्त होतो, म्हणून या लाटा अधिक धोक्याच्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांच्या सूचना जिल्हावार प्रसिद्ध करते. निघण्याच्या आदल्या रात्री सिंधुदुर्ग किंवा उत्तर कन्नड यांपैकी जेथे जायचे त्या जिल्ह्याची सूचना पाहावी. खडकावर पोहोचल्यावर काठी जोडण्यापूर्वी वीस मिनिटे नुसते लाटांकडे पाहत उभे राहावे आणि सर्वांत वर पोहोचलेल्या लाटेच्याही वर, कोरड्या जागी बसावे. मेच्या मध्यास अरबी समुद्रात चक्रीवादळही येऊ शकते. २०२१ साली तौक्ते याच सुमारास कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले.

दुसरा धोका आपल्या बेळगाव-चंदगडकडच्या लोकांना चांगला माहीत असलेला आहे, तो म्हणजे वळीव. दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढले आणि गडगडाट ऐकू आला की काठी ताबडतोब खाली ठेवून गाडीत बसावे. हल्लीच्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. उघड्या वाळूवर दहा फुटी कार्बनची काठी उभी धरणे म्हणजे विजेला आमंत्रण होय.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा त्या काळात कोणी बोटीने नेतो म्हणाला तरी जाऊ नये. मालवणला जायचे झाल्यास तेथील सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे, त्याची हद्द आधी विचारून घ्यावी.

—

शहापूरवासी (बेळगाव)

काल रात्री परतलो, त्यामुळे वृत्तान्त लिहिणे माझे कर्तव्य आहे. चैत्र शुद्ध चतुर्दशी निवडली. आदल्या दिवशी दुपारी निघून अणशी घाटातून उजेडातच कारवारला पोहोचलो, कारण जंगलातला रस्ता रात्री नको होता. पहाटे पाचला देवबागच्या वाळूवर होतो. वारा नव्हता आणि पाणी चढत होते, हे काठी न लावताही ऐकू येत होते. गेल्या वर्षीच्या आणि या पाण्यात इतका फरक असेल असे मला वाटले नव्हते.

भाच्याने सव्वासहा ते साडेसातमध्ये सहा मुडदुश्या काढल्या. त्यानंतर आम्ही मुखाकडे सरकलो. मी माकुलाची पट्टी लावली होती; माशाचा पहिला घाव (आमिषावरची झडप) येताच हाताने सवयीने झटका दिला आणि मासा गेला. दुसऱ्या वेळी काठी वाकू दिली आणि पाऊण किलोचा कोकर आला, त्याची ओढ त्याच्या वजनाच्या दुप्पट भासली. साडेआठच्या सुमारास भाच्याच्या काठीला तांबोशी लागली. ती खडकाकडे वळली तेव्हा त्याने ड्रॅग न सोडता दोन पावले मागे घेतली आणि तिला वाळूवर आणले. वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. लीडरवर सात-आठ ठिकाणी कालवांचे ओरखडे होते, पण तो तुटला नाही.

नऊच्या पुढे पाणी थांबले आणि सर्व काही थांबले. पुढचा तास आम्ही मुद्दाम बसून पाहिला, एकही घाव आला नाही. ओहोटी लागल्यावर सदाशिवगड यांनी लिहिलेली फेसाची रेघ प्रथमच डोळ्यांनी पाहिली. तिच्या कडेने टाकलेल्या लुअरवर एक मोठा चोणक आला, पूर्ण अंग पाण्याबाहेर काढून त्याने डोके हलवले आणि गळ झटकून गेला. भाचा अजूनही त्याच उडीविषयी बोलत आहे.

साडेअकराला वारा सुरू होताच सामान आवरले. मासे बर्फात घालून आणले, रात्री बहिणीने तांबोशीचे तिखले केले आणि मुडदुश्या तळल्या. वैशाख शुद्ध एकादशीला निपाणीकर यांच्या सांगण्याप्रमाणे आरोंद्याच्या बाजूला अंधारात बसण्याचा बेत आहे. ते त्या दिवशी तेथे येणार असतील तर जिवंत कोळंबी तेथे कोणाकडे मिळते हे दाखवावे, अशी विनंती.